सीआरपी नॉर्मल, पण सकाळी कात्री धरवत नाही. हातांची सोनोग्राफी करून घ्यावी का?

कात्री_आणि_दोरा, बार्शी

नमस्कार. मी बार्शीत ब्लाउज शिवते, वीस वर्षं झाली या कामाला. सहा वर्षांपूर्वी आमवाताचं निदान झालं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. रक्तातली अँटी-सीसीपी, म्हणजे आमवाताची खूण, बरीच वाढलेली होती. तेव्हापासून दर रविवारी रात्री आमवात आटोक्यात ठेवणारं मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, डॉक्टरांनी सांगितलेल्या वारी फॉलिक आणि रोज एचसीक्यूची, म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी. पहिल्या वर्षी बोटांची पेरं फुगून अंगठी कापून काढावी लागली होती. ते सगळं औषधानं गेलं, त्याबद्दल तक्रार नाही.

मागच्या महिन्यात सोलापूरला दाखवायला गेले. डॉक्टरांनी दोन्ही हातांचा एकेक सांधा दाबून बघितला. सूज लागत नाही म्हणाले. रक्तातल्या दाहाच्या तपासण्यांत सीआरपी ४, ईएसआर २२. "आजार शांत दिसतोय, मेथोट्रेक्सेट १५ वरून १० करू या," असं म्हणाले. ऐकून आनंद व्हायला हवा होता, पण मला भीतीच वाटली. कारण सकाळी उठल्यावर पाऊण तास माझी मूठ मिटत नाही. कात्री माझी जुनी, लोखंडी, दहा इंची. अस्तर आणि वरचं कापड एकावर एक ठेवून कापायला घेतलं की उजव्या तर्जनीच्या मुळाशी, जिथं बोट तळहाताला मिळतं तिथं, आतून कळ येते. म्हणून गेले सहा-सात महिने मी सकाळी फक्त पिको-फॉल करते, ते मशीनवर होतं. कटिंग दुपारी दोननंतर. हूक लावायला बसले तर चौथ्या हुकापाशी सुई बोटांतून सुटते.

हे सांगितल्यावर डॉक्टर थांबले. म्हणाले, "कामाच्या ताणानंही असं होऊ शकतं. पण मग डोस कमी करायच्या आधी हातांची सोनोग्राफी करू, डोप्लरसकट, म्हणजे रक्तप्रवाहही दिसेल." इथल्या एका सेंटरमध्ये चौकशी केली तर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "हाताला गाठ आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, सांध्यांची आमच्याकडे होत नाही. भिंतीवर गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी, बाकावर सगळ्या गरोदर बायका. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. आता पुण्याला जावं लागेल, म्हणजे अख्खा दिवस मोडणार, शिवाय सोबत कुणीतरी हवं.

रक्ताचे रिपोर्ट चांगले असताना सोनोग्राफीत वेगळं काही दिसतं का? दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे आहे, त्यावर भागणार नाही का? आणि तिथंही सगळं नॉर्मल निघालं तर मी घरी काय सांगू? आधीच जाऊबाई म्हणतात, हिला सकाळी काम नको असतं.

सांधे_डॉक्टर, पुणे

ताई, मी संधिवाततज्ज्ञ आहे आणि गेली अकरा वर्षं रुग्णांच्या सांध्यांची सोनोग्राफी स्वतः करतो. तुमचा उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, पण तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावंसं वाटलं. डोस कमी करायच्या आधी त्यांनी तुमचं ऐकून घेतलं आणि ही तपासणी सुचवली, हे फार चांगलं केलं.

ब्लाउजला असतं तसं सांध्यालाही आतून अस्तर असतं. निरोगी सांध्यात ते इतकं पातळ असतं की सोनोग्राफीत जवळजवळ दिसतच नाही. आमवात या अस्तरावरच हल्ला करतो. ते जाड होतं, सांध्याच्या पोकळीत फुगतं आणि त्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. हेच जाड झालेलं अस्तर पुढे हाड कुरतडतं. एक्स-रेत दिसतं ते कुरतडून झालेलं हाड, म्हणजे नुकसान होऊन गेल्यावरची खूण. अस्तर एक्स-रेत दिसतच नाही. म्हणून तुमच्या जुन्या एक्स-रेवरून आज आत काय चाललंय ते कळणार नाही.

सोनोग्राफीत दोन गोष्टी बघतात. आधी साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात अस्तर किती जाड आहे, पाणी आहे का, हाडाच्या कडेला खाच पडली आहे का. नुसतं पाणी असेल तर प्रोबनं, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या यंत्राच्या टोकानं, दाबल्यावर ते बाजूला सरकतं, जाड अस्तर सरकत नाही. मग पॉवर डोप्लर लावतात. त्या अस्तरातून रक्त वाहत असेल तर तिथं नारिंगी-तांबडे ठिपके दिसतात. दोन्हींना ० ते ३ अशी श्रेणी देतात. डोप्लर १ म्हणजे तुरळक ठिपके. २ म्हणजे त्याहून जास्त, पण जाड अस्तराच्या निम्म्या भागाच्या आत. निम्म्याहून जास्त भाग रंगला तर ३. जाडी जुनीही असू शकते, विझलेल्या आजाराचा वण म्हणून राहिलेली. डोप्लर दिसला तर आजार आत्ता जागा आहे.

रक्त नॉर्मल असताना हे कसं, असं तुम्ही विचारलंत. सीआरपी यकृतात तयार होतं, सबंध शरीरातल्या दाहाचा तो एक ढोबळ आकडा. दोन-तीन बारीक सांध्यांतला दाह त्याला हलवेलच असं नाही. आणि अस्तर मिलिमीटरभर जाड झालं तर माझ्या बोटालाही ते कळत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगतो. इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी २००६ साली आजार शांत झालेले १०७ रुग्ण तपासले होते. त्यांतल्या ज्यांना काही त्रास नव्हता आणि सांधे हातालाही नॉर्मल लागत होते, अशांतही ४३ टक्के लोकांत डोप्लर वाढलेला निघाला. पुढे त्याच गटानं दाखवलं, की ज्या सांध्यात डोप्लर होता, तिथं वर्षभरात हाड खराब होण्याची शक्यता कितीतरी जास्त होती.

पण याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ते अर्धवट होईल. हे वाचून कुणाला वाटेल की दर भेटीला सोनोग्राफी करावी आणि ठिपका दिसला की औषध वाढवावं. नॉर्वेत ११ केंद्रांत नेमकं हेच करून बघितलं, २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. सुरुवातीच्या टप्प्यातले दोनशेहून जास्त रुग्ण, दोन वर्षं. निम्म्यांचं औषध सोनोग्राफी बघून ठरवलं, निम्म्यांचं नुसतं हातानं तपासून आणि रक्त बघून. अपेक्षित परिणाम पहिल्या गटात २२ टक्के लोकांत आला, दुसऱ्यात १९ टक्के, म्हणजे फरक नाही म्हणावा इतकाच. औषधं मात्र पहिल्या गटाला जास्त पडली. म्हणून मी सरसकट सगळ्यांची करत नाही. रुग्ण एक सांगतो, माझा हात दुसरं सांगतो आणि रक्त तिसरं, तेव्हा करतो. किंवा औषध कमी करायच्या आधी. तुमच्या बाबतीत दोन्ही कारणं आहेत.

जाताना काही गोष्टी सांभाळा. दुखण्याची गोळी, डायक्लोफेनॅक वगैरे, घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून आधीचे दोन-तीन दिवस टाळता आली तर बघा, तिनं डोप्लर मंद पडतो. मेथोट्रेक्सेट मात्र चुकवू नका. घेत असाल ते सगळं तपासणाऱ्याला सांगा, विशेषतः स्टेरॉइड. हात गार पडले तरी रक्तप्रवाह कमी दिसतो, म्हणून एसीच्या खोलीत बराच वेळ बसावं लागलं तर शाल हातांवर घ्या. मनगट बघायचं असतं, तेव्हा बांगड्या निघतील अशा घाला. प्रोब जोरात दाबला तर बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि आजार असून दिसत नाही. म्हणून भरपूर जेल घालून प्रोब नुसता टेकवावा लागतो, आणि हे ज्याचा हात बसलाय त्यालाच जमतं. तुम्हाला पुण्यापर्यंत यावं लागतंय ते यासाठी. दोन्ही मनगटं, बोटांच्या मुळांचे आणि मधले सांधे यांच्याबरोबर पायांची बोटंही बघायला सांगा. आम्ही नेहमी मोजतो त्या २८ सांध्यांत पाऊल येत नाही, आणि पायाच्या करंगळीच्या मुळाशी आमवात बऱ्याचदा गुपचूप बसलेला असतो.

रिपोर्टमध्ये "सौम्य सूज" एवढंच लिहिलं असेल तर त्याचा उपयोग नाही. कोणता सांधा, जाडी किती, डोप्लर किती, स्नायूबंधाच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणाला सूज आहे का, हाडाला खाच आहे का, हे वेगवेगळं लिहून घ्या.

निवृत्त_पोस्टमास्तर, नाशिक

नॉर्मल निघालं तर घरी काय सांगू, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. माझं नॉर्मलच निघालं होतं.

मला बारा वर्षं आमवात आहे. चार वर्षांपूर्वी हात इतके दुखायला लागले की डबा उघडेना. डॉक्टर दाबतील तिथं दुखायचं, त्यामुळे सांध्यांचा स्कोअर वर गेला. महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू करायची असं जवळजवळ ठरलं. मुलानं पैशाची तयारीही केली होती. दुसऱ्या एका डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी केली. डोप्लर कुठंच नाही, एकाही सांध्यात नाही. अंगठ्याच्या मुळाशी हाडाचे काटे वाढलेले मात्र स्पष्ट दिसले. म्हणजे आमवात झोपलेला आणि दुखणं वयाच्या झिजेचं. ३४ वर्षं शिक्के मारलेला अंगठा तो! अंगठ्याला रात्रीचा पट्टा दिला, हाताचे व्यायाम दिले, आणि तीन महिन्यांत डबा उघडता यायला लागला. इंजेक्शन लागलंच नाही.

तेव्हा ताई, नॉर्मल निघालं म्हणजे तुम्ही खोटं बोलत होता असा अर्थ होत नाही. दुखणं दुसरीकडून येतंय एवढाच अर्थ. मग ते शोधायचं. जाऊबाईंना हे वाचायला द्या.

आईची_लेक, पनवेल

मध्येच विचारते, क्षमस्व. आईला गेल्या पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला. आठ महिने झाले तरी मनगटं आणि घोटे सुजतात. आमवात सुरू झालाय की ताप मागे ठेवून गेलाय, हे सोनोग्राफीत कळेल का? की एमआरआयच करावा?

प्रोब_हातात, कोल्हापूर

मी सोनोलॉजिस्ट आहे, याचं उत्तर मी देते. चिकुनगुनियानंतरही अस्तर जाड होतं आणि डोप्लरही दिसतो. चित्रात दाह आहे हे कळतं, तो कशामुळे आहे हे चित्र सांगत नाही. त्यासाठी अँटी-सीसीपी, आरए फॅक्टर या रक्ततपासण्या आणि आजाराची सगळी हकीकत लागते. आठ महिने सूज आहे म्हणजे आईंना संधिवाततज्ज्ञांकडे न्यायलाच हवं, नुसत्या तपासण्या करत बसू नका. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज दिसते, ती सोनोग्राफीत दिसत नाही, कारण ध्वनिलहरी हाडाच्या आत जात नाहीत. पण एमआरआयला एका वेळी एकच हात होतो, खर्च जास्त, आणि आईंना तेवढा वेळ न हलता पडून राहावं लागेल. सोनोग्राफीत अर्ध्या तासात दोन्ही हात-पाय होतात, आणि जिथं दुखतं तिथंच प्रोब ठेवता येतो.

बार्शीच्या ताईंना सेंटरमध्ये जे ऐकावं लागलं त्याबद्दलही लिहिते. आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, ते कोण वापरणार आणि कुठं ठेवणार याची नोंद लागते. तो कायदा हवाच, मुली वाचवण्यासाठी तो झाला, त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण त्यामुळे संधिवाततज्ज्ञाला स्टेथोस्कोपसारखं मशीन खोलीत आणून ठेवता येत नाही. त्यात आमच्यातल्या बहुतेकांचं शिक्षण पोटावर आणि गरोदरपणावर झालेलं. बोटांच्या सांध्यांना उच्च फ्रिक्वेन्सीचा छोटा प्रोब लागतो, तो अनेक सेंटरांत नसतोच. मी स्वतः हे तीन वर्षांपूर्वी शिकले, तोवर मीही रुग्ण परत पाठवले आहेत. याचं मला आजही वाईट वाटतं. ताई, तुमचं काही चुकलं नव्हतं.

कात्री_आणि_दोरा, बार्शी

तेवीस दिवसांनी लिहितेय. पुण्याला जाऊन आले. सगळ्यांना सांगायचं राहून जाऊ नये म्हणून आज काम बाजूला ठेवून बसले.

सोबतीला दुसरं कुणी नव्हतं, जाऊबाईच आल्या. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. टेबलावर उशी, उशीवर माझा हात पालथा. प्रोब हॉकीच्या काठीसारखा वाकडा, टोकाला टूथब्रशच्या डोक्याएवढा. त्यांनी जेलचा एवढा ढीग घातला की प्रोब त्यातच तरंगत होता, कातडीला लागल्याचं कळलंसुद्धा नाही. मला डॉक्टरांचं वरचं वाक्य आठवलं, नुसता टेकवावा लागतो.

आधी डावा हात झाला. पडद्यावर हाड म्हणजे एक लख्ख पांढरी रेघ, तिच्यावर राखाडी पट्टे. मग उजवी तर्जनी. तिथं पांढऱ्या रेघेवर एक काळपट फुगवटा होता, उशीत कापूस जास्त झाल्यासारखा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हलू नका." एक बटण दाबलं. फुगवट्यावर चौकोन आला आणि त्यात नारिंगी ठिणग्या. एक-दोन नाही, बऱ्याच, एकमेकींना चिकटलेल्या. त्या लुकलुकत होत्या, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्या माझ्या नाडीबरोबर लुकलुकतायत. कात्री धरल्यावर कळ येते ती जागा मी डाव्या हाताच्या बोटानं दाखवली. त्या म्हणाल्या, "तिथंच आहे प्रोब."

जाऊबाई मागे खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठून जवळ आल्या आणि पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. "हे हिच्या हातात आहे?" एवढंच विचारलं. परत येताना एसटीत माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली. दुसऱ्या दिवसापासून सकाळची कणीक त्याच मळतायत. मी काही म्हटलं नव्हतं.

रिपोर्ट लिहिते, कुणाला उपयोग होईल म्हणून. उजव्या तर्जनीचं मूळ, जाडी २, डोप्लर २. मधल्या बोटाचं मूळ, जाडी २, डोप्लर १. उजवं मनगट २ आणि २, शिवाय करंगळीच्या बाजूच्या स्नायूबंधाच्या आवरणाला सूज. डावं मनगट १ आणि १. डाव्या हाताची बोटं साफ. आणि उजव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी हाडाला एक बारीक खाच, डोप्लर ०. तो पाय मला कधी दुखल्याचं आठवत नाही. पायाचं इथं वाचलं नसतं तर मी सांगितलंच नसतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट नीट वाचला. डोस कमी करायचं रद्द. म्हणाले, पोटातून घेतलेली गोळी १५ च्या वर गेली की अंगी कमी लागते, म्हणून आता मेथोट्रेक्सेट २० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, रविवारीच, पोटाच्या कातडीखाली. नर्सनं शिकवलं, सुई धरायची सवय असल्यानं पहिल्याच वेळी जमलं. सहा आठवड्यांनी रक्त आणि लिव्हर तपासायचं, चार महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. सांध्याला सूज आहे तोवर जड कात्री नको म्हणाले. जुनी कात्री गुंडाळून ठेवली आणि हलकी, स्प्रिंगवाली आणली. कापड सरकतं तिच्यानं, हात बसायला वेळ लागेल.

पोस्टमास्तर काका, तुमचं लिहिलेलं जाऊबाईंना खरंच वाचायला दिलं होतं, जायच्या आदल्या रात्री.

डॉक्टर, एकच विचारायचं आहे. चार महिन्यांनी पुन्हा पुण्यालाच जायला हवं का? आता कोल्हापूरच्या ताईही आहेत म्हणून विचारलं.

सांधे_डॉक्टर, पुणे

रिपोर्ट अगदी हवा तसा लिहिलेला आहे. जमलं तर तिथंच जा, त्याच डॉक्टरांकडे. डोप्लर पकडण्याची ताकद प्रत्येक मशीनची वेगळी असते. एका मशीनवरचा २ आणि दुसऱ्यावरचा १ यांची तुलना करून औषध कामाला लागलंय की नाही हे ठरवता येत नाही. मागचे फोटो बरोबर न्या. दुखण्याची गोळी मागच्यासारखीच आधी टाळा, आणि तपासणीची वेळही शक्यतो मागचीच ठेवा.

प्रोब_हातात, कोल्हापूर

मलाही हेच म्हणायचं होतं ताई. तुलनेसाठी पुणेच बरं. आणि पायाची ती खाच पुढच्या वेळी मोजायला सांगा, वाढली का ते कळेल.

कात्री_आणि_दोरा, बार्शी

बरं. मागच्या वेळी साडेनऊला झाली होती, म्हणजे पहाटेच्या गाडीनं निघावं लागेल. दिवाळीचे ब्लाउज देऊन झाले की लगेच तारीख घेते. जाऊबाई येते म्हणाल्यात.